पेनल्टी कुणाच्या नावावर

मी एकेका यार्डासाठी भांडणारा माणूस आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. अख्ख्या टार्लो गावाला ते ठाऊक आहे, आणि निम्म्या गावानं मला त्यापायी शिव्याही घातल्यात. आमच्या हायस्कूलच्या फुटबॉलचे आकडे मी सव्वीस वर्षं ठेवले. हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून पळायचा आणि पुढे सरकलेलं अंतर यार्डांत मोजायचं. दिवसा पोरांना बीजगणित शिकवायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रेक्षकांच्या बाकांवर बांधलेल्या फळ्यांच्या खोलीत वही घेऊन बसायचं. त्या खोलीला आम्ही प्रेस बॉक्स म्हणायचो, पण प्रेस काही तिथे कधी आली नाही.

एकदा डेल रुझिच्काचा पोरगा चेंडू घेऊन तेवीस यार्ड पळाला. लोक नाचायला लागले, आणि मग कुणाला तरी दिसलं की मैदानात पंचाचा पिवळा रुमाल पडलाय, म्हणजे कुणीतरी नियम मोडलाय. आमच्याच एका पोरानं समोरच्याला शर्ट धरून अडवलं होतं, सुरुवातीपासून नऊ यार्डांवर. आता वहीत काय लिहायचं? अडाणी माणूस तेवीस लिहितो. अर्धवट शिकलेला शून्य लिहितो, कारण त्याला वाटतं पेनल्टी लागली की सगळंच पुसलं गेलं. बरोबर उत्तर नऊ. गुन्हा जिथे झाला तिथपर्यंतचं पळणं त्या पोराचं, पुढचं कुणाचंच नाही, आणि दंडाचे यार्ड संघावर वेगळे. दुसऱ्या दिवशी डेलनं मला धान्याच्या सोसायटीत सगळ्यांसमोर गाठलं.

"लेलंड, माझ्या पोराचे चौदा यार्ड खाल्लेस तू."

"खाल्ले नाहीत, डेल. ते त्याला मिळालेच नव्हते."

दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. आकडा बरोबर होता.

आता जे सांगायचंय ते सांगतो. इतका काटेकोर मी, पण माझ्या वहीत एक रकाना असा होता की त्यात मी सव्वीस वर्षं जाणूनबुजून खोटं लिहिलं. पेनल्टीच्या पानावर चार रकाने असतात: गुन्हा काय, यार्ड किती, कुठून मोजले, आणि खेळाडूचा नंबर. चौथ्या रकान्यात मी दरवेळी एकच शब्द लिहायचो: संघ.

ही रीत ऑर्व्हिल पोस्पिशिलची. तो गावचा औषधवाला, आणि माझ्या आधी वही त्याच्याकडे होती. एका वर्षी शेवटच्या मिनिटाला एका पोराच्या चुकीनं सामना गेला, ऑर्व्हिलनं नियमाप्रमाणे नंबर लिहिला, साप्ताहिकानं नाव छापलं, आणि सोमवारपर्यंत त्या पोराच्या घराच्या दाराला कुणीतरी डांबर फासून ठेवलं. पोरगं शाळा अर्धवट टाकून गेलं ते परत आलं नाही. वही माझ्या हातात देताना ऑर्व्हिल म्हणाला होता, "चांगलं केलं ते पोराच्या नावावर लिही, लेलंड. चुकलं ते संघाच्या." मी मास्तर माणूस, मला ते लगेच पटलं. त्या रूक्ष वहीत तेवढीच एक माया आहे असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिचा मला यार्डांपेक्षा जास्त अभिमान होता.

एकोणऐंशी सालच्या मोसमात आमच्याकडे गेलन सेड्लाचेक होता, नंबर चोपन्न. माझ्या वर्गात काठावर पास होणारा, फळ्यापाशी बोलावलं की कान लाल होणारा पोरगा. मैदानात मात्र त्याच्यात कोण संचारायचं कुणास ठाऊक. चेंडूवाल्या पोराला पाडायचं तर खांदा लावायचा, हात घालायचे, हे सगळ्यांना शिकवतात. गेलन मान खाली घालून हेल्मेटच्या टाळूनं धडकायचा. ते तीन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. नियमाबरोबर जो छापील कागद आला होता त्यात स्वच्छ लिहिलं होतं की अशानं समोरच्यापेक्षा धडकणाऱ्याचीच मान मोडते. तो कागद मी स्वतः प्रेस बॉक्सच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला होता.

माझ्या शेजारी दुर्बीण घेऊन जीन हावेल बसायचा. जीन म्हणजे गावचा न्हावी, त्याची नजर घारीची आणि तोंड विचारू नका. तो बघायचा, मी लिहायचो. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात रुमाल पडला.

"पंधरा यार्ड," जीन म्हणाला. "डोकं घातलं. चोपन्न."

मी लिहिलं: संघ.

"संघानं नाही घातलं डोकं. चोपन्ननं घातलं."

"तू दाढ्या कर रे. लिहायचं माझ्याकडे सोड."

दुसऱ्या सामन्यात दोनदा झालं. मग एक सामना सुना गेला, आणि पुढच्या तिन्ही सामन्यांत एकेकदा. सहा सामन्यांत सहा. चौथ्या की पाचव्या वेळी जीननं दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "लेलंड, चेष्टा नाही करत. हे पोरगं एक दिवस मान मोडून घेणार."

"अभद्र बोलू नकोस."

"मी बोललो नाही म्हणून काय मोडायची थांबणारे? निदान लिही तरी."

"लिहून काय होणार? पेपरात नाव येईल आणि त्याची आई लाजेनं मान खाली घालून फिरेल. झालंच तर कोचला माहीत आहेच." कोचला माहीत होतंच. दर पेनल्टीनंतर कडेचा पंच धावत कोच डेनहॅमपाशी जायचा आणि बोटांनी नंबर दाखवायचा: आधी पाच, मग चार. मला वरून ते लख्ख दिसायचं. आपल्याला वाटतं, माहीत असणारा माणूस काहीतरी करेल. मग आपण शांतपणे आपली ओळ लिहितो.

एकोणीस ऑक्टोबरला हेल्विकचा संघ आमच्याकडे खेळायला आला. तिसऱ्या भागात त्यांचा एक आडदांड पोरगा चेंडू घेऊन सरळ मधून घुसला, गेलन समोरून आला, मान खाली, आणि आवाज वरपर्यंत आला. हेल्विकचा पोरगा उठला, गुडघे झटकले. गेलन उठला नाही. त्याचे हात जिथे पडले होते तिथेच होते. त्याच्या पायापाशी पिवळा रुमाल पडला होता. जीननं दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि त्या वेळी पहिल्यांदाच नंबर सांगितला नाही.

रुग्णवाहिका गेल्यावर पंच हेल्विकच्या कोचकडे गेला, दंड घेणार की सोडणार ते विचारायला. त्या भल्या माणसानं नुसता हात हलवला, नको म्हणून. पेनल्टी नाकारली. पोराला तसं उचलून नेलेलं असताना त्याच्यावर आणखी पंधरा यार्ड कोण मागेल? आणि नाकारलेली पेनल्टी आकड्यांत धरत नाहीत, असा नियम आहे. मी नियमाप्रमाणे वागलो. लिहिलं: धाव चार यार्ड, पाडणारा चोपन्न. पाडल्याचं श्रेय गेलनच्या नावावर चढलं आणि पेनल्टीची ओळ कोरी राहिली. मला अजून आठवतं, माझा हात अजिबात थरथरला नव्हता.

मानेचं हाड मोडलं होतं. छातीखाली काही हलत नव्हतं. त्याला ओमाहा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

पुढच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, कोच डेनहॅम माझ्या वर्गात आला आणि पोरांच्या बाकावर कसाबसा बसला.

"लेलंड, राज्याच्या क्रीडा मंडळाचं पत्र आलंय. यंदाच्या वह्या मागतायत. विचारतायत की कुठल्या एका पोराला डोकं घातल्याबद्दल आधी पेनल्टी लागल्या होत्या का, आणि लागल्या असतील तर शाळेनं काय केलं."

"लागल्या होत्या की."

"संघाला लागल्या होत्या. कुठल्या पोराला, ते आहे का तुझ्या वहीत?"

"वहीत संघ लिहिलंय."

"मग झालं तर."

"रिक, पंच दरवेळी तुला नंबर सांगून जायचा. मी बघत होतो वरून."

तो स्वतःच्या टोपीशी चाळा करू लागला. "मी सांगितलं होतं त्याला. दर सोमवारी सांगायचो, डोकं वर ठेव म्हणून. आणि शुक्रवारी तो असा काही आदळायचा की लोक उठून उभे राहायचे. मग मी त्याला बाहेर काढायचो नाही. काढलं असतं तर तूच पहिला ओरडला असतास, खोटं बोलू नकोस." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "हे बघ, मी तुला काही खोटं लिहायला सांगत नाहीये. वह्या जशा आहेत तशा दे, एवढंच."

तीच तर मेख होती. त्यानं खोटं लिहायला सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर घालवलं असतं. पण खोटं लिहायची गरजच नव्हती. ते माझ्या अक्षरात, शाईनं, आधीच तयार होतं. मी वह्या जशा होत्या तशा दिल्या. दोन आठवड्यांत मंडळाचं उत्तर आलं की उपलब्ध नोंदींवरून कुठल्याही एका खेळाडूबाबत आधीची तक्रार दिसत नाही. जीननं ते ऐकलं तेव्हा तो माझीच हजामत करत होता. त्यानं कात्री ठेवली, माझ्या मानेभोवतीचं फडकं काढलं आणि म्हणाला, "ऊठ. उरलेलं दुसरीकडे कापून घे." अर्धे केस कापलेल्या डोक्यानं मी घरी गेलो. हसू नका, मलाही तेव्हा हसू आलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी ओमाहाला गेलो. बायकोनं डबाभर कोलाचे दिले होते, म्हणजे आमच्याकडचे जर्दाळू भरलेले गोड पाव. इस्पितळात गेलन पाठीवर सरळ झोपवलेला होता, डोक्याभोवती लोखंडाचं कडं, ते स्क्रूंनी कपाळात बसवलेलं. तो जागा होता की नाही कळत नव्हतं. त्याची आई मार्लीन खिडकीपाशी बसली होती. तीसुद्धा माझीच विद्यार्थिनी, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. गावाच्या वृद्धाश्रमात ती स्वयंपाक करायची आणि शुक्रवारी तिची संध्याकाळची पाळी असायची, त्यामुळे पोराचा सामना तिनं क्वचितच बघितला असेल. नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर.

"बसा ना, सर," ती म्हणाली. "तुमच्या केसांना काय झालं?"

"न्हावी रागावलाय माझ्यावर."

ती थोडं हसली. मग पिशवीतून तिनं एक जाडजूड वही काढली. त्यात साप्ताहिकातली कात्रणं चिकटवली होती, प्रत्येक सामन्याचं, माझे आकडे, माझ्या बारीक टिपा. गेलनच्या नावाखाली प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारलेली.

"मला तर बघायला मिळायचं नाही," ती म्हणाली. "तुमचे आकडे वाचायचे मी. बुधवारी पेपर आला की आधी तेच पान. सगळे म्हणतात, कुचेरा सरांचा आकडा म्हणजे आकडा." तिनं एक पान उलटलं. "परवा एक नर्स मला म्हणाली, अशी मान पहिल्याच धडकेत सहसा मोडत नाही, पोरगा नेहमीच असा खेळत असणार. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. पेनल्टीत त्याचा नंबर एकदाही नाही. एकदाही नाही ना, सर?"

मी त्या डब्याच्या झाकणाकडे बघत राहिलो. आयुष्यात इतका भित्रा मी कधी झालो नव्हतो. नाही म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता, मरेपर्यंत ठेवला असता. आणि माझ्या तोंडावर ते आलंही होतं.

"सहा वेळा," मी म्हणालो.

"काय सहा वेळा?"

"डोकं घातल्याबद्दल पेनल्टी. सहा. सगळ्या गेलनच्या. मी बघितल्या होत्या. मी पोरांची नावं पेनल्टीत लिहीत नाही, मार्लीन. कधीच लिहिली नाहीत. संघ लिहितो. पोराची बदनामी नको म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त वहीच्या पहिल्या पानावर गेली. "पहिली कधी?"

"सात सप्टेंबर."

तिनं ते कात्रण बोटानं शोधलं. तिथे छापलं होतं: डोकं घालणे, पंधरा यार्ड, संघ. ती ओळ तिनं नक्कीच आधी वाचलेली असणार, चहा पीत, कुणाचं तरी पोरगं असेल म्हणत.

"सात सप्टेंबरला त्याची मान धड होती, सर," ती म्हणाली. "मला एकदा कळलं असतं तरी पुरे होतं. एकदा. मी त्याला खेळातून काढलं असतं. पुढच्या वर्षी घातलं नसतं का परत? पण काढलं असतं. तुमची ती बदनामी मी घेतली असती डोक्यावर. बदनामीनं कुणाची मान नाही मोडत."

मी माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही आणि त्यांची किंमतही काही नव्हती.

तिनं माझ्या पुढ्यात वही ठेवली, वर पेन ठेवलं. "लिहा."

"मी मंडळाला पत्र लिहीन. उद्याच. सगळं लिहीन, डेनहॅमला काय माहीत होतं तेसुद्धा."

"ते लिहा. आधी इथे लिहा."

मी एकेका कात्रणावर 'संघ' खोडत गेलो आणि त्याच्या बाजूला चोपन्न लिहीत गेलो. सात सप्टेंबर. चौदा सप्टेंबरला दोन. अठ्ठावीस. पाच ऑक्टोबर. बारा ऑक्टोबर. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"झाल्या सहा," मी म्हणालो.

"सात."

आवाज पलंगावरून आला. गेलनचे डोळे छताकडे होते. डोकं वळवता येत नव्हतं त्याला.

"हेल्विकची राहिली, सर," तो म्हणाला. "रुमाल पडला होता. पडताना मला दिसला."

"ती मोजत नाहीत, बाळा." मास्तरकी जात नाही, अशा वेळीही जात नाही. "त्यांनी नाकारली ती. नाकारलेली पेनल्टी धरत नाहीत."

त्याच्या कपाळावर, स्क्रूच्या शेजारी, घाम आला होता.

"मग मी इथे कशानं पडलोय?" त्यानं विचारलं.

तो टोमणा नव्हता. वर्गात गणित अडलं की तो जसं विचारायचा तसंच त्यानं विचारलं होतं, आणि त्याला उत्तर हवं होतं. मी शेवटचं कात्रण काढलं. त्यावर पेनल्टीची ओळच नव्हती. म्हणून मी समासात तारीख घातली, गुन्हा लिहिला, आणि नंबराच्या जागी पेन टेकवलं, पण हात इतका कापायला लागला की आकडा उमटेना. मार्लीननं पुढे होऊन एका हातानं कागद घट्ट दाबून धरला, आणि मग मी तो लिहिला.